राज्यांच्या हद्दीवरील गुन्हेगारी न्याय समन्वय कक्ष : उभारणी आणि कामकाज

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची उत्तरेकडची हद्द मध्य प्रदेशाला लागते आणि नंदुरबारची पश्चिमेकडची हद्द गुजरातला. शहाद्याचा माणूस बाजाराला खेतियाला जातो, नवापूरचा उच्छलला, पळासनेरचा सेंधव्याला आणि रावेरचा बऱ्हाणपूरला. सोयरीकही याच वाटांनी होते. चोरीची मोटारसायकल, गावठी पिस्तूल, गांजा, गुजरातेत बंदी असलेली दारू आणि महाराष्ट्रात बंदी असलेला गुटखा यांचीही ने-आण याच वाटांनी होते. तपासाचा कागद मात्र हद्दीपाशी येऊन थबकतो. पलीकडच्या ठाण्याला पाठवलेली विनंती, बजावणीसाठी दिलेले वॉरंट, साक्षीदाराचे समन्स हे सारे महिनोन्महिने उत्तराविना पडून राहते, आणि त्याचा भुर्दंड फिर्यादीला, कच्च्या कैदेतील आरोपीला आणि दर तारखेला मजुरी बुडवून येणाऱ्या साक्षीदाराला सोसावा लागतो.

ही अडचण दूर करण्यासाठी खानदेशात एखादा नवा समन्वय कक्ष स्थापन झाला आणि त्याची धुरा आपल्याकडे आली, तर काम कोठून सुरू करावे आणि कसे पुढे न्यावे, हे या लेखात सांगितले आहे. प्रमुख पोलीस दलातील असो वा अभियोग संचालनालयातील, पुढील बहुतेक बाबी दोघांनाही सारख्याच लागू पडतात.

अधिकारांची मर्यादा आधी समजून घ्यावी

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. एका राज्याच्या पोलिसांचे अधिकार दुसऱ्या राज्यात वाढवायचे, तर संघसूचीतील ८० व्या नोंदीनुसार त्या दुसऱ्या राज्याची संमती आवश्यक असते. त्यामुळे धुळ्यात बसलेला कक्ष मध्य प्रदेशातील बडवानी किंवा गुजरातेतील तापी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला आदेश देऊ शकत नाही. तो फक्त विनंती करू शकतो, पाठपुरावा करू शकतो आणि त्यांच्या विनंतीला उत्तर देऊ शकतो. हे सत्य पहिल्याच दिवशी मनापासून स्वीकारावे. आदेशाची भाषा वापरणाऱ्या कक्षाला पलीकडचे लोक सभ्यपणे टाळू लागतात, आणि एकदा टाळू लागले की ती सवय पुढच्या प्रमुखाच्या काळातही जात नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा कक्षाची सारी पत एकाच गोष्टीवर उभी असते: आलेली विनंती आपण किती लवकर आणि किती नीट पूर्ण करतो. आपली विनंती पाठवण्याआधी त्यांची पडून असलेली विनंती शोधून पूर्ण करावी.

युरोपात या कामाचे दोन वेगळे नमुने पाहायला मिळतात आणि त्यांतील फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. युरोजस्ट ही युरोपीय संघाची समन्वय करणारी संस्था आहे. सदस्य देशांचे अभियोक्ते किंवा न्यायाधीश हेग येथे एका छताखाली बसतात आणि आपापल्या देशातील यंत्रणेशी थेट बोलून अडलेले काम मार्गी लावतात. तिची तात्पुरती शाखा १ मार्च २००१ रोजी ब्रुसेल्समध्ये सुरू झाली आणि स्थापनेचा विधिवत निर्णय २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाला. म्हणजे काम आधी लहान प्रमाणावर सुरू झाले आणि पक्की चौकट त्या अनुभवानंतर आली. याउलट लक्झेंबर्ग येथील युरोपीय सरकारी अभियोक्ता कार्यालय स्वतः तपास करते आणि खटलेही चालवते. त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियमावली करावी लागली आणि प्रत्यक्ष काम १ जून २०२१ रोजी सुरू झाले. आपला कक्ष पहिल्या प्रकारचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या कार्यालयाचा रुबाब त्याने आणू नये.

कक्षाच्या स्थापनेच्या आदेशात चार बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात: कोणत्या जिल्ह्यांचे काम कक्षाकडे येईल, पलीकडच्या पोलीस अधीक्षकांशी थेट पत्रव्यवहार करण्याची मुभा आहे काय, प्रवास आणि दुभाष्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल, आणि नाशिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे कोणता अहवाल किती दिवसांनी जाईल. थेट पत्रव्यवहाराची मुभा नसेल तर प्रत्येक कागद मुंबई आणि भोपाळमार्गे फिरेल आणि कक्ष असून नसल्यासारखा होईल. पहिला जोर याच मुद्द्यावर लावावा.

जागा आणि माणसे

मुख्यालय धुळ्यात असावे. आग्रा-मुंबई महामार्ग आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणारा महामार्ग तेथे एकमेकांना छेदतात, आणि तेथून शिरपूरमार्गे सेंधवा आणि साक्रीमार्गे नवापूर असे दोन्ही सरळ रस्ते निघतात. पण केवळ धुळ्यात बसून हे काम होणार नाही. ठरावीक दिवशी नवापूर, शहादा, चोपडा आणि रावेर येथे कक्षाचा अधिकारी हजर असला पाहिजे, आणि तो दिवस पलीकडच्या ठाण्यांनाही ठाऊक असला पाहिजे.

सुरुवातीला पाच-सहा माणसे पुरतात, पण ती निवडताना हुद्द्यापेक्षा गुण पाहावा. तपासाचा अनुभव असलेला एक निरीक्षक, कागद वाचून त्यातील कायदेशीर उणीव पकडणारा एक सहायक सरकारी अभियोक्ता, सीसीटीएनएस (देशभरातील ठाण्यांच्या गुन्हे नोंदी जोडणारी) आणि आयसीजेएस (पोलीस, न्यायालये, तुरुंग यांच्या नोंदी जोडणारी) या संगणक प्रणाली सराईतपणे वापरणारा एक अंमलदार, आणि आवक-जावक काटेकोर ठेवणारा एक लिपिक हे चौघे तर हवेतच. शिवाय हिंदी आणि गुजराती सफाईने लिहिणारे, आणि पावरी, भिली, मावची यांपैकी निदान एक बोली घरातून आलेली माणसे हवीत. सातपुड्यातील साक्षीदार मराठीत 'हो' म्हणतो तेव्हा त्याला प्रश्न समजलेलाच असतो, असे गृहीत धरू नये.

विनंतीपत्र

कक्षाचे निम्मे काम पत्रांचे असते, म्हणून येथे थोडे थांबून पाहू. दोन राज्यांच्या ठाण्यांमध्ये साधारणपणे असा मजकूर ये-जा करतो: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर गुन्ह्यातील पाहिजे आरोपी हा आपल्या हद्दीत राहत असून त्याचा शोध घेऊन मिळून आल्यास ताब्यात घेण्याची तजवीज व्हावी, ही विनंती.' हे पत्र हाती पडलेल्या ठाणे प्रभारीने नेमके काय करावे? गुन्हा कोणता, पुरावा काय, आरोपीच्या बापाचे नाव काय, गावात कोणत्या वस्तीत राहतो, कधीपर्यंत हवा आणि सापडल्यास कोणाला फोन करायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तो ते पत्र फायलीला लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आता तेच पत्र कक्षातून कसे जावे, हे एका कल्पित प्रकरणावरून पाहू. शिरपूर तालुक्यात रात्री ट्रकचालकाला अडवून लुटले आहे आणि पकडलेल्या एका आरोपीच्या निवेदनातून दुसऱ्याचे नाव पुढे आले आहे. तो सेंधवा तहसिलातील एका गावचा आहे. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात गुन्हा रजिस्टर क्रमांक, भारतीय न्याय संहितेचे कलम, घटनेची तारीख, वेळ आणि घटना दोन-तीन वाक्यांत द्यावी. दुसऱ्या परिच्छेदात या व्यक्तीचा संबंध कोणत्या पुराव्याने जोडला आहे ते लिहावे, कारण नुसत्या सहआरोपीच्या बोलण्यावर पलीकडचा अधिकारी आपल्या गावात छापा का घालील, हा प्रश्न रास्त आहे. मोबाईलचे ठिकाण, टोल नाक्यावरील चित्रण, विकलेल्या मालाची पावती, जे हाती असेल ते सांगावे. तिसऱ्या परिच्छेदात नेमके काय हवे ते एकाच वाक्यात लिहावे: फक्त पत्त्याची खातरजमा हवी, की नोटीस बजावून हवी, की आमचे पथक येणार आहे आणि स्थानिक अंमलदार सोबत हवा. शेवटी मुदत आणि मुदतीचे कारण द्यावे. पहिल्या आरोपीची पोलीस कोठडी अमुक तारखेला संपते, असे लिहिले की समोरच्याला घाई कशाची ते कळते. मजकूर हिंदीत असावा, मराठी प्रत सोबत जोडावी, आणि तपास अधिकाऱ्याचा चालू मोबाईल क्रमांक ठळक असावा.

नावांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. सातपुड्याच्या या बाजूला जे पावरा म्हणून नोंदले जातात, तेच लोक पलीकडे बहुधा बारेला म्हणून नोंदले जातात. लग्नाने, शेतीने किंवा मजुरीने हद्द ओलांडलेल्या एकाच माणसाच्या दोन राज्यांतील कागदांवर दोन आडनावे असू शकतात, आणि त्यात कसलीही लबाडी नसते. प्रणालीत केवळ आडनावाने शोध घेतला तर खरा माणूस निसटतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच नावाचा भलताच माणूस उचलला जातो. एका गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चारजण असणे डोंगरात नवलाचे नाही. म्हणून व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, अंदाजे वय, गाव, आणि गावातील पाडा किंवा मध्य प्रदेशात फलिया, एवढा तपशील मिळाल्याशिवाय कक्षाने अटकेची विनंती पुढे पाठवू नये. बोटांचे ठसे उपलब्ध असतील तर नाफिस या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय संगणक प्रणालीतून पडताळणी करून घ्यावी. या एका शिस्तीने निरपराध माणसाची कोठडी टळते, आणि माझ्या दृष्टीने कक्षाच्या अस्तित्वाला एवढे कारणही पुरेसे आहे.

संपूर्ण जमातीला किंवा गावाला गुन्हेगार ठरवणारी भाषा पत्रात कदापि येऊ देऊ नये. चोपड्याच्या उत्तरेला बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांच्या संदर्भात वारंवार बातम्यांत येते. पण तेथेही विनंती विशिष्ट व्यक्तीविषयी आणि विशिष्ट कृत्याविषयीच असली पाहिजे. शस्त्र अधिनियमाखालील प्रकरणात आणखी एक गोष्ट आठवणीने पाहावी. कलम ३ च्या उल्लंघनाचा खटला कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही, आणि मेहनतीने केलेला तपास या एका कागदापायी वाया जाऊ शकतो.

हद्दीपलीकडची अटक

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. यापुढे नुसते 'कलम' म्हटले असेल तेथे याच संहितेचे कलम समजावे. तिच्या कलम ४५ नुसार विनावॉरंट अटक करण्याचा अधिकार असलेला पोलीस अधिकारी आरोपीचा पाठलाग भारतात कोठेही करू शकतो. हा अधिकार खरा आहे, पण तो एकट्याने आणि गुपचूप वापरण्याचा आग्रह धरू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये उमर्टी परिसरात बेकायदा शस्त्रांच्या कारवाईसाठी गेलेल्या चोपडा ग्रामीणच्या पथकावर हल्ला झाला आणि एका पोलीस अंमलदाराला पळवून नेण्यात आले. पुढे त्यांची सुटका झाली. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला, हेही खानदेश विसरलेला नाही. साध्या वेशात, खासगी वाहनातून, रात्री, अनोळखी वस्तीत शिरणारे पथक स्वतःचा आणि गावकऱ्यांचाही जीव धोक्यात घालते.

म्हणून कक्षाने एक कार्यपद्धती लेखी ठरवून तिन्ही जिल्ह्यांच्या अधीक्षकांकडून मान्य करून घ्यावी. पथक निघण्यापूर्वी ठाणे दैनंदिनीत नोंद करावी आणि वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. पलीकडच्या ठाण्यात प्रथम हजेरी द्यावी, तेथील दैनंदिनीत नोंद करून घ्यावी आणि स्थानिक अंमलदार सोबत घ्यावा. बातमी फुटण्याची भीती असेल तर ठाण्याऐवजी उपविभागीय अधिकाऱ्याशी बोलावे. मध्य प्रदेशात त्याला एसडीओपी म्हणतात आणि ठाणे प्रभारीला टीआय. ही माणसे कोण आहेत आणि त्यांची बदली केव्हा झाली, याची अद्ययावत यादी कक्षात भिंतीवर असावी.

अटक करताना कलम ३६ नुसार अटकेचे ज्ञापनपत्रक तयार करून त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही घ्यावी, आणि कलम ४८ नुसार नातेवाइकांना तसेच जिल्ह्यातील पदनिर्देशित पोलीस अधिकाऱ्याला कळवावे. असा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात नेमणे कलम ३७ ने बंधनकारक केले आहे, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यांतील या अधिकाऱ्यांचे क्रमांक हे कक्षाचे पहिले भांडवल समजावे. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले असून, ती लगेच देता आली नाहीत तर कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी ती हाती पडावीत, असे सांगितले आहे. निमाडी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाच्या हातात मराठी छापील नमुना देऊन ही अट पूर्ण होत नाही. कक्षाने हिंदी आणि गुजराती नमुने तयार ठेवावेत आणि आरोपीला वाचता येत नसेल तर त्याच्या बोलीत ते वाचून दाखवल्याची नोंद दुभाष्याच्या सहीने करावी.

त्यानंतर दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याचा प्रश्न येतो. कलम ५८ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत हजर केले पाहिजे. हद्दीजवळची अटक आहे, तासा-दोन तासांत आपल्या न्यायालयात पोहोचू, असे म्हणून काही पथके स्थानिक दंडाधिकाऱ्यांना टाळतात. माझा सल्ला असा की विनावॉरंट अटकेत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्या न्यायालयापर्यंत नेण्यापुरती कोठडी, घेणेच श्रेयस्कर. त्यात अर्धा दिवस जातो, पण अटक बेकायदा होती असा आक्षेप पुढे उरत नाही, आणि आरोपीलाही आपल्या मुलखात, आपल्या माणसांसमोर, न्यायाधीशांशी बोलण्याची संधी मिळते. वॉरंटावरील अटकेसाठी कलम ८२ मध्ये वेगळी तरतूद आहे. वॉरंट काढणारे न्यायालय अटकेच्या ठिकाणापासून ३० किलोमीटरच्या आत असेल, किंवा तेथील दंडाधिकाऱ्यांपेक्षा जवळ असेल, तर आरोपीला थेट तेथे नेता येते. नवापूर न्यायालयाच्या वॉरंटावर उच्छलमध्ये झालेली अटक या तरतुदीत बसते. आरोपी आधीच पलीकडच्या तुरुंगात असेल, तर अटकेची घाई न करता कलम ३०२ खाली त्याला हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून घ्यावा.

आरोपीचा वकील हा कामातील अडथळा आहे, अशी भावना कक्षात मुळीच रुजू देऊ नये. सेंधव्याहून शिरपूरला आणलेल्या मजुराला येथे कोणीही ओळखत नसते. त्याला आणण्यापूर्वीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवून वकील उपलब्ध ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असेही ठरवले आहे की गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंद असला तरी आपल्या राज्यातील सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो. असा आदेश दाखवणाऱ्या माणसाशी पथकाने रस्त्यावर वाद घालू नये.

झडतीबद्दल थोडक्यात. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतील झडती कलम १८६ नुसार त्या ठाण्यामार्फत करवून घ्यावी. पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर स्वतः करता येते, मात्र त्याची सूचना आणि जप्त मालाची यादी त्या ठाण्याला लगेच पाठवणे बंधनकारक आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावेच लागते.

हद्दीचा वाद आणि शून्य क्रमांकाचा गुन्हा

इंदूरहून येणाऱ्या बसमध्ये बिजासन घाटात प्रवाशाची बॅग चोरीला जाते आणि ते त्याच्या लक्षात शिरपूरला येते. अशा प्रवाशाला 'ही आमची हद्द नाही' असे सांगून परत पाठवणे कलम १७३ नंतर बेकायदा आहे. गुन्हा कोठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला तर कलम २०३ नुसार ज्या हद्दीतून ती व्यक्ती किंवा वस्तू गेली तेथेही चालू शकतो. असा हद्दीबाहेरचा म्हणून शून्य क्रमांकाने नोंदलेला आणि संबंधित ठाण्याकडे पाठवलेला प्रत्येक गुन्हा पलीकडे पोहोचला का, तेथे त्याला क्रमांक मिळाला का, आणि तो क्रमांक फिर्यादीला कळवला का, हे तीन प्रश्न कक्षाने रोज विचारावेत. पहिल्या वर्षात लोकांना कक्षाचा उपयोग सर्वांत आधी येथेच जाणवेल.

काही ठिकाणे तर मुळातच दोन राज्यांत आहेत. नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत येतो. तिकीट खिडकी इकडे आणि स्टेशन मास्तरांचे कार्यालय तिकडे. फलाटावर घटना घडल्यानंतर हद्द मोजत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या लोहमार्ग पोलिसांशी बसून, पहिली नोंद कोण घेईल आणि पंचनामा कोण करील, हे आधीच कागदावर ठरवावे. दोन उच्च न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रांतील न्यायालयांनी एकाच गुन्ह्याची दखल घेतली, तर जेथे कामकाज प्रथम सुरू झाले त्या बाजूचे उच्च न्यायालय कलम २०६ नुसार निर्णय देते. तोवर वाट पाहण्याची वेळ येऊ न देणे, हे समन्वयाचे काम आहे.

साक्षीदार

खटले पुराव्याअभावी पडतात असे आपण म्हणतो, परंतु या भागात अनेकदा साक्षीदार गावातच नसतो. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा आणि शिरपूर तालुक्यांतील कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत आणि अन्यत्र जातात. त्या काळात बजावणीला गेलेला अंमलदार कुलूप पाहून 'मिळून आला नाही' असा शेरा मारतो, आणि तारीख पुढे जाते. होळीला मात्र ही माणसे घरी परततात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला न येणारा पावरा विरळा. कक्षाने तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांकडून अशा साक्षीदारांची यादी दिवाळीपूर्वी घ्यावी, त्यांच्या साक्षी होळीनंतरच्या दिवसांत ठेवण्याची विनंती न्यायालयाला करावी आणि मुकादमाचा मोबाईल क्रमांक गावाच्या पोलीस पाटलाकडून घेऊन ठेवावा. सणाच्या दिवशी मात्र समन्स घेऊन कोणाच्या अंगणात जाऊ नये. सण पार पडल्यावर जावे.

ज्यांना परत येणे शक्य नाही, त्यांची साक्ष दूरदृश्य माध्यमातून घेण्यास कलम ५३० मुळे वाव आहे. त्यासाठी व्यारा किंवा सुरत येथील न्यायालयातील कक्ष ठरावीक दिवशी मिळेल, अशी व्यवस्था पत्राने नव्हे तर प्रत्यक्ष भेटून लावून घ्यावी. साक्षीदाराला धमक्या येत असतील, तर कलम ३९८ खालील साक्षीदार संरक्षण योजनेचा अर्ज कक्षाने स्वतः तयार करून द्यावा, कारण हद्दीपलीकडून आलेल्या धमकीची दखल कोणत्या ठाण्याने घ्यायची यातच बराच काळ निघून जातो.

डिजिटल पुरावा आणि परदेश

टोल नाक्यांवरील आणि पेट्रोल पंपांवरील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे जतन करण्याची विनंती त्याच दिवशी फोनने आणि ई-मेलने जावी. सविस्तर पत्र मागाहून गेले तरी चालते. मिळालेल्या चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याची संगणकीय खूण), पलीकडूनच भरून घ्यावे. ते नंतर मिळवायचे म्हटले की संबंधित कर्मचारी बदललेला असतो.

ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यास लावलेला प्रत्येक तास महाग पडतो, हे तिन्ही जिल्ह्यांतील ठाणे अंमलदारांच्या मनावर बिंबवावे. पैसा किंवा आरोपी देशाबाहेर गेला असेल, तर मार्ग बदलतो. परदेशातून पुरावा आणण्यासाठी कलम ११२ खाली न्यायालयाकडून विनंतीपत्र काढून घ्यावे लागते, आणि ते न्यायालयात मागण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती आवश्यक असते. आरोपीचा ठावठिकाणा काढण्यासाठी इंटरपोलशी संपर्क केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत होतो आणि त्यासाठी जानेवारी २०२५ पासून भारतपोल हे पोर्टल उपलब्ध आहे. प्रत्यार्पण १९६२ च्या अधिनियमाखाली परराष्ट्र मंत्रालयामार्फत चालते. या तिन्ही मार्गांची सरमिसळ झाली की प्रकरण परत येते. इंटरपोलकडून आलेली माहिती तपासाला दिशा देते, पण न्यायालयात पुरावा म्हणून विनंतीपत्रानेच मिळालेला कागद लागतो, हा भेद तपास अधिकाऱ्याला सुरुवातीलाच समजावून द्यावा. मसुदा इंग्रजीत, घटनाक्रम तारखेनुसार, आणि कोणता कागद कोणत्या मुद्द्यासाठी हवा ते प्रत्येक मागणीपुढे लिहिलेले, एवढे सांभाळले तर परत येणाऱ्या हरकती पुष्कळ कमी होतात.

नोंदवही, बैठक आणि कार्यभार

कक्षाची एकच नोंदवही असावी आणि तिची डावी बाजू आलेल्या विनंत्यांसाठी असावी, उजवी गेलेल्या विनंत्यांसाठी. प्रत्येकीपुढे मिळाल्याची तारीख, पहिल्या उत्तराची तारीख आणि पूर्ततेची तारीख लिहावी. पहिले उत्तर दोन दिवसांत गेलेच पाहिजे, मग ते 'काम सुरू केले आहे, अमुक अधिकारी पाहत आहेत' एवढेच का असेना. किती जणांना अटक झाली, हा आकडा कक्षाच्या यशाचे माप म्हणून वरिष्ठांना देऊ नये. तो आकडा ठाण्यांच्या कामाचा आहे, आणि त्याच्या मागे लागलेला कक्ष पत्त्याची खातरजमा न करता माणसे उचलण्याला हातभार लावू लागतो. आलेल्या विनंतीला सरासरी किती दिवस लागले, किती समन्स प्रत्यक्ष बजावले गेले, किती साक्षी ठरल्या दिवशी झाल्या आणि चुकीच्या ओळखीची किती प्रकरणे वेळीच थांबवली, हे आकडे द्यावेत.

संयुक्त बैठक दर वेळी धुळ्यात बोलावू नये. ती आळीपाळीने सेंधवा, व्यारा, बऱ्हाणपूर आणि नंदुरबार येथे व्हावी. विषयपत्रिकेत पहिला क्रमांक त्यांच्या आपल्याकडे प्रलंबित असलेल्या विनंत्यांचा असावा आणि त्या का रखडल्या याचे उत्तर कक्षप्रमुखाने स्वतः द्यावे. पोलिसांबरोबर दोन्हीकडचे सरकारी वकील, तुरुंग अधीक्षकांचे प्रतिनिधी आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव हजर असावेत, कारण अडलेली कामे बहुतेक वेळा पोलिसांच्या हातातून सुटून यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर थांबलेली असतात. कार्यवृत्त दोन भाषांत त्याच आठवड्यात पाठवावे.

बदली प्रत्येकाचीच होते. कार्यभार देताना नव्या प्रमुखाला केवळ यादी आणि किल्ल्या न देता, त्याला सोबत घेऊन शेजारच्या जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांची एक फेरी करावी, आणि प्रत्येक प्रलंबित विनंतीवर पुढचे पाऊल काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवावे. पलीकडच्या ज्या अधिकाऱ्यांनी वेळ काढून आपले काम केले, त्यांच्या वरिष्ठांना पाठवायची आभाराची पत्रेही कार्यभार सोडण्यापूर्वी रवाना करावीत.